अकरावीतल्या मुलीला शिकवण्या कशा मिळतील?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी नाशिकच्या सिडकोत त्रिमूर्ती चौकाजवळ राहते, अकरावी सायन्सला आहे, वय 16. दहावी सेमी इंग्रजीतून झाली, 91 टक्के मिळाले. कॉलेज गंगापूर रोडला. सिटीलिंक या शहर बसचा पास आणि पुस्तकं यांचा खर्च आईवडिलांवर न टाकता स्वतः उचलायचा, म्हणून तिला शिकवण्या घ्यायच्या आहेत. दिवाळीच्या सुट्टीत तिने कॉलनीच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला: ‘पहिली ते दहावी, सर्व विषय, सर्व बोर्ड, फी वाजवी’. महिना होत आला, एकही फोन नाही. आता ती विचारते, जाहिरात आणखी कुठे करू, कुठल्या ॲपवर नाव घालू, फी किती सांगू, आणि ‘तूच अजून लहान आहेस’ असं कोणी म्हणालं तर काय बोलू?

मी नाशिकमध्ये 1999 पासून शिकवण्या घेते. सुरुवात केली तेव्हा मीही अकरावीतच होते, म्हणून तुला जरा सविस्तर लिहिते.

आधी जाहिरातीचा विचार बाजूला ठेव. तुझा मेसेज शंभरेक जणांनी वाचला असेल. त्यातल्या दहा घरांत शिकवणीची गरजही असेल. तरी फोन आला नाही, कारण तो वाचणाऱ्या आईच्या मनात वेगळेच प्रश्न असतात. ही मुलगी रोज वेळेवर येईल का? तिची परीक्षा आली की माझ्या मुलाला वाऱ्यावर सोडेल का? माझं पोर तिचं ऐकेल का? आणि नाही जमलं, तर शेजारच्या मुलीला ‘उद्यापासून नको’ कसं सांगायचं? हा शेवटचा प्रश्न कोणी तोंडावर बोलून दाखवत नाही, पण ओळखीतल्या शिकवण्या सर्वांत जास्त त्याच्यामुळेच अडतात. तुझ्या गुणांबद्दल शंका घेणारी आई मला फारशी भेटलेली नाही. चौथीच्या मुलाला शिकवायला 91 टक्के पुष्कळ झाले, हे सगळ्यांना कळतं. त्यामुळे तुला ज्याचं उत्तर तयार ठेवायचं आहे ते हेच चार प्रश्न.

काही गोष्टी तुझ्या घरच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. पुढच्या वर्षी बारावी, शिवाय सीईटी किंवा नीट देणार असशील, तर वेळ किती उरतो? घरात चार मुलं बसतील एवढी जागा आहे का? आईवडिलांची संमती मनापासून आहे की नुसता होकार आहे? पैसे हातखर्चाला हवे आहेत की फीचा हप्ता त्यावर अवलंबून आहे? हप्ता अवलंबून असेल, तर शिकवण्यांच्या भरवशावर राहू नकोस आणि कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्त्यांची चौकशी आजच कर. शिकवणीचं उत्पन्न पहिले तीन-चार महिने डळमळीत असतं. माझा स्वतःचा नियम होता, दिवसाला एक तास, आठवड्याला पाच दिवस, त्याहून जास्त नाही. अकरावीत तो मला झेपला. बारावीला मी जानेवारीपासून शिकवण्या थांबवल्या, आणि हे दोन्ही घरांना जूनमध्येच सांगून ठेवलं होतं. आधी सांगितल्यामुळे एकीनेही नाराजी दाखवली नाही आणि माझी परीक्षा संपल्यावर दोघीही परत आल्या.

आता कोणाला शिकवायचं ते ठरवू. ‘पहिली ते दहावी’ हे पहिलं काढून टाक. दहावीचं मूल घेऊ नकोस. तुला दहावीचं गणित येत नाही असं मी म्हणत नाही, पण दहावीच्या मुलाचे आईवडील बोर्डाच्या निकालाचा भार शिकवणाऱ्यावर टाकतात आणि तो सोळाव्या वर्षी डोक्यावर घेण्यासारखा नाही. शिवाय पंधरा वर्षांचा मुलगा सोळा वर्षांच्या मुलीचं ऐकतोच असं नाही. पहिली-दुसरीची मुलंही मी सुरुवातीला टाळायला सांगते. त्यांना वाचायला-लिहायला शिकवणं हे फार कसबाचं काम आहे, ते सोपं समजून लोक नवख्याच्या गळ्यात मारतात. तिसरी ते सातवी ही तुझी जागा.

त्यातही तू सेमीतून शिकलीस, हे तुझं सर्वांत मोठं भांडवल आहे आणि मेसेजमध्ये ते कुठेच नाही. सिडको, अंबड, सातपूर या पट्ट्यात कितीतरी घरं अशी आहेत की आईवडील मराठी माध्यमातून शिकलेले, वडील एमआयडीसीत शिफ्टला, आईही कामावर, आणि मूल सेमीत. गणित-विज्ञान इंग्रजीतून आलं की घरी कोणाला मदत करता येत नाही. वडिलांना अपूर्णांक येतात, पण ‘न्यूमरेटर’ (अंश) म्हटलं की ते थांबतात. मुलाची अडचण बहुतेक वेळा गणिताची नसतेच. ‘हाऊ मेनी मोअर’ म्हणजे वजाबाकी करायची हे त्याला कळलेलं नसतं. ‘मोअर’ शब्द दिसला की ते बेरीज करून मोकळं होतं. अशा मुलाला मी प्रत्येक शाब्दिक उदाहरण आधी मराठीत गोष्टीसारखं सांगायला लावते: कोणाकडे किती आहेत, काय झालं, काय विचारलंय. मग तेच वाक्य इंग्रजीत परत वाचायचं. तीन-चार आठवड्यांत पोरगं स्वतः म्हणतं, ‘ताई, हे तर सोपं होतं.’ तू हा रस्ता पाच-सहा वर्षांपूर्वी स्वतः चालून आली आहेस. मला तो आता आठवून आठवून शोधावा लागतो.

दुसरी एक गरज आहे आणि तिच्याकडे तुझ्या वयाच्या मुलांचं लक्ष जात नाही: मराठी. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत, बोर्ड कुठलंही असो, पहिली ते दहावी मराठी सक्तीचं झालं. नाशिकमध्ये बाहेरून आलेली कुटुंबं भरपूर आहेत. देवळालीत लष्कराचा तोफखाना, ओझरला एचएएलचा विमान कारखाना, नाशिकरोडला नोटांचा छापखाना, दोन्ही बाजूंना एमआयडीसी. त्या घरांत इंग्रजी-गणित शिकवायला आईवडील समर्थ असतात, पण मराठीचं पुस्तक उघडलं की सगळे गप्प. अशी मुलं हिंदीच्या आधाराने मराठी वाचतात आणि ठरावीक जागी अडखळतात. ‘ळ’ बोलता येत नाही. ‘चमचा’ आणि ‘चंद्र’ यांतले दोन वेगळे ‘च’ लक्षात येत नाहीत. आणि सर्वांत मोठी अडचण नपुंसकलिंगाची, कारण हिंदीत ते नाहीच. ‘ते पुस्तक’ ऐवजी ‘ती पुस्तक’ येतं आणि मग पुढचं सगळं वाक्य बिघडतं. यावर मी व्याकरणाचे नियम पाठ करून घेत नाही. घरातल्या वस्तूंना हात लावत फिरायचं: तो पंखा, ती खुर्ची, ते कपाट. रोज दहा वस्तू. कालच्या दहा आधी, मग आजच्या. हे तुला उद्यापासून करता येईल आणि त्यासाठी डिग्री लागत नाही. आजूबाजूच्या इंग्रजी शाळांतल्या मुलांनाही हे लागतं, मराठी घरातल्यासुद्धा. ‘एकोणसाठ’ म्हणजे किती हे विचारून बघ, पाचवीचं मूलही अडतं. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असंही वाचन आलं तेव्हा केवढा वाद झाला होता! तो वाद बाजूला ठेवला तरी अडचण खरी आहे. ‘त्रेसष्ट’ ऐकताना आधी तीन कानावर येतात, म्हणून मूल 36 लिहितं. ‘एकोणतीस’मध्ये ‘तीस’ ऐकू येतं, म्हणून 39 लिहितं. चूक कुठून येते ते माहीत असेल, तर रागावायची वेळ येत नाही.

आता ही घरं गाठायची कशी.

पहिली जागा तुझी जुनी शाळा. शिक्षण हक्क कायद्याच्या (2009) कलम 28 नुसार शाळेतल्या शिक्षकांना खासगी शिकवणी घेता येत नाही. पण पालक भेटायला आले की त्यांनाच विचारतात, ‘बाई, याला शिकवणी कुणाकडे लावू?’ त्या वेळी बाईंना एखादं भरवशाचं नाव हवं असतं. तू त्यांच्या हाताखाली शिकलेली, त्यांना तुझं अक्षर माहीत, वागणं माहीत. शनिवारी शाळा सुटताना आईला बरोबर घेऊन जा, प्राथमिकच्या बाईंना भेट आणि सांग की तिसरी ते सातवीपर्यंतची दोन मुलं घ्यायची आहेत. ‘दोन’ हा आकडा मुद्दाम सांग. कितीही चालतील म्हणणाऱ्यापेक्षा दोनच घेणारीवर विश्वास लवकर बसतो. माझ्या पहिल्या तीन शिकवण्यांपैकी दोन अशाच आल्या.

दुसरी माणसं म्हणजे शाळेच्या रिक्षाचे किंवा व्हॅनचे काका. कुठल्या मुलाची आई कामाला जाते, कोण घरी येऊन कुलूप उघडून एकटं बसतं, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. मग कॉलनीतलं स्टेशनरी-झेरॉक्सचं दुकान, जिथे प्रोजेक्टचे कागद घ्यायला आया येतात. आणि आईची भिशी. यात तुझ्या तोंडून कमी आणि आईच्या तोंडून जास्त गेलेलं बरं. ‘माझी मुलगी घेते शिकवणी, मी घरात असतेच’ हे एक वाक्य वयाबद्दलची निम्मी शंका काढून टाकतं.

कॉलनीत आधीपासून शिकवण्या घेणाऱ्या ताई असतील, तर त्यांनाही भेट. स्पर्धक समजू नकोस. त्यांच्याकडे आठवी-नववीची गर्दी असते आणि त्याच मुलांची लहान भावंडं नाइलाजाने घेतलेली असतात. माझ्याकडे गेली काही वर्षं दोन कॉलेजच्या मुली संध्याकाळी लहान मुलांचा गृहपाठ बघायला येतात. त्यांना पैसे मिळतात आणि शिकवायचं कसं हे बघायलाही मिळतं. मोठ्या कोचिंग क्लासकडे मात्र जाऊ नकोस. केंद्र सरकारने जानेवारी 2024 मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत शिकवणारा किमान पदवीधर असावा असं म्हटलं आहे. त्या सूचना पन्नासहून जास्त विद्यार्थ्यांच्या केंद्रांसाठी आहेत, तुझ्या घरच्या दोन मुलांना लागू होत नाहीत. पण मोठा क्लास तुला शिकवायला घेत असेल, तर त्या सूचना बाजूला ठेवून घेतोय एवढं समजून घे.

ॲपबद्दल माझं मत स्पष्ट आहे: अठरा पूर्ण होईपर्यंत नको. बहुतेक ठिकाणी सज्ञान असणं आणि ओळखपत्र लागतं, आणि जिथे लागत नाही तिथे तुझा फोन नंबर व घरचा पत्ता अनोळखी लोकांच्या हाती जातो. ‘आधी नोंदणीचे पैसे भरा, मग विद्यार्थी देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही द्यायचा नाही. आणखी एक फसवणूक नीट लक्षात ठेव. फोन येतो, समोरचा म्हणतो मी आर्मीत आहे, देवळालीला बदली झालीय, मुलासाठी शिकवणी हवी, तीन महिन्यांचे पैसे आगाऊ पाठवतो, फक्त हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्याकडून जातात. असा फोन आला तर ठेवून दे, आणि कोणाचे पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.

मेसेज नव्याने लिही आणि योग्य वेळी टाक. दिवाळीच्या सुट्टीत अर्धी कॉलनी गावाला गेलेली असते, फराळाच्या फोटोंखाली तुझा मेसेज दबला. शिकवणीची आठवण घरात तीन-चार वेळाच होते: जूनमध्ये शाळा उघडताना, पहिल्या घटक चाचणीचे गुण आले की, दिवाळीनंतर सहामाहीचे पेपर घरी आले की आणि जानेवारीत वार्षिक जवळ आली की. म्हणजे आत्ताची वेळ चांगली आहे. मी असं लिहीन: ‘मी त्रिमूर्ती चौकाजवळ राहते. दहावी सेमीतून 91 टक्के, आता अकरावी सायन्स. तिसरी ते सातवीच्या सेमीच्या मुलांचं गणित-विज्ञान आणि इंग्रजी माध्यमाच्या मुलांचं मराठी घेते. वेळ संध्याकाळी 6 ते 7, सोमवार ते शुक्रवार, आमच्या घरी, आई घरात असते. दोनच मुलं घेणार आहे. पहिला आठवडा बघा, मग ठरवा. आईचा नंबर खाली दिला आहे.’ ‘पहिला आठवडा बघा’ हे वाक्य त्या न बोललेल्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर आहे. नको म्हणायला त्या आईला सभ्य वाट मिळते, म्हणून हो म्हणणं सोपं जातं.

वयाबद्दल कोणी बोललंच, तर वाद घालू नकोस. ‘हो काकू, मी सोळाचीच आहे. म्हणूनच हे पुस्तक मला अजून आठवतंय. एक आठवडा वही बघा’ एवढं पुरे. कायद्याची काळजी वाटत असेल, तर चौदा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना धोकादायक नसलेलं काम करायला आपल्याकडे बंदी नाही. पण अठराच्या आत केलेला करार कायद्याने टिकत नाही. म्हणून फीचं बोलणं आईसमोर आणि त्या मुलाच्या आईशी, दोन मोठ्या माणसांत झालेलं चांगलं.

फीवर थोडं थांबते, कारण मी इथेच पोळले आहे. माझी पहिली शिकवणी आमच्याच गल्लीतली, पाचवीची मुलगी. तिची आई म्हणाली, ‘बघ गं जरा हिचं गणित, आपण बघू नंतर.’ मी लाजून आकडा बोलले नाही. तीन महिने रोज शिकवलं. दिवाळीला मला पेनचा सेट आणि चिवड्याचा डबा मिळाला, आणि नंतर ‘आता जमतं तिला’ म्हणून शिकवणी बंद झाली. त्या काकू वाईट नव्हत्या. त्यांना खरंच वाटलं की मी शेजारधर्म करतेय. पैशाचं बोलणं पहिल्या दिवशी झालं नाही, तर समोरचा आपल्याला सोयीचा अर्थ लावतो, आणि त्यात त्याची चूकही काढता येत नाही. मी कितीतरी रात्री त्या पैशांचा हिशेब करत रडले आहे, म्हणून तुला कळकळीने सांगते: आकडा पहिल्या भेटीत बोल.

आकडा किती हे गल्लीवर अवलंबून आहे. कॉलेज रोडचा दर सिडकोत चालत नाही आणि सिडकोचा दर म्हसरूळला लागू होत नाही. तुझ्या आसपासच्या तीन घरांत विचार, तिसरी-चौथीच्या मुलाला ते महिन्याला काय देतात. ज्यांना अनुभव आहे त्यांच्यापेक्षा थोडं कमी घे, पण निम्मं घेऊ नकोस. फारच कमी फी सांगितली की पालकांना वाटतं हे नुसतं मुलाला बसवून ठेवणं आहे. तासाचा हिशेब एकदा कागदावर मांड. समजा तासाला 50 रुपये धरले, तर महिन्याचे 20 दिवस, म्हणजे एका मुलाचे 1000. दोन मुलं एकाच तासात बसली तर 2000. त्यातून पास निघतो का, पुस्तकं निघतात का बघ. महिना संपल्यावर पाच तारखेच्या आत, रोख किंवा आईच्या खात्यावर. तुझं स्वतःचं खातं हवं असेल तर दहा वर्षांवरील मुलांना बँकेच्या अटींनुसार स्वतः चालवायचं बचत खातं काढता येतं. खाड्यांचं काय तेही तेव्हाच ठरव: मूल आलं नाही तर फी कापायची नाही, तू घेतलं नाहीस तर शनिवारी भरून द्यायचं. हे चार ओळींत वहीच्या पहिल्या पानावर लिहून मुलाच्या आईला दाखव.

आणि आता तो पहिला आठवडा, ज्यावर सगळं ठरतं. नवीन शिकवणारे पहिल्या दिवशी शाळेत चालू असलेला धडा उघडतात. तू तसं करू नकोस. मुलाची जुनी वही आणि सहामाहीचा पेपर माग, आणि फक्त चुका बघ. मी एकदा चौथीचा एक मुलगा घेतला, आई म्हणाली ‘भागाकार अजिबात येत नाही.’ त्याला 612 ला 6 ने भागायला दिलं, त्याने उत्तर काढलं 12. भागाकार त्याला येत होता! एकाला सहाने भाग जात नाही, तिथे शून्य लिहायचं तो विसरत होता. वहीभर तेवढी एकच चूक. मी त्याच्यासमोर खोट्या नोटा ठेवल्या: शंभराच्या सहा आणि सुटे बारा रुपये, सहा मित्रांत वाट. त्याने प्रत्येकाला शंभराची एक नोट दिली, मग दोन-दोन रुपये. ‘म्हणजे प्रत्येकाला किती?’ ‘एकशे दोन.’ मग तो स्वतःच वहीतल्या 12 कडे बघत राहिला. त्या दिवशी संध्याकाळी त्याने आईला ती चूक समजावून सांगितली. पुढचे सहा महिने त्या आईने माझ्याकडे चार मुलं पाठवली. शिकवणी ही अशी पसरते, एका घरातून.

म्हणून पहिल्या आठवड्यात एक चूक शोध, तीच दुरुस्त कर आणि शुक्रवारी मुलाच्या आईला दोन मिनिटं भेटून सांग: इथे अडत होता, असं केलं, आता दहापैकी इतकी बरोबर येतात. सांगताना मुलासमोर ‘कच्चा आहे’ हा शब्द काढू नकोस. अजून एक मोह होतो, तो मलाही झाला होता. पालकांना वही छान दिसावी म्हणून गृहपाठ आपणच सांगून लिहून घ्यायचा. वही भरते, मूल तसंच राहतं आणि घटक चाचणीत सगळं उघड होतं. माझ्या एका विद्यार्थिनीचं असं झालं तेव्हा तिच्या आईच्या डोळ्यांत मी जे पाहिलं ते मला अजून आठवतं. त्यानंतर मी कोणाच्याही वहीत उत्तर लिहून दिलं नाही.

पुस्तकांवर खर्च करू नकोस. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट मिळतात. एक पाटी, खडू, जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजू आणि पाढ्यांचा तक्ता एवढं पुरतं. कोणी शिष्यवृत्ती किंवा नवोदयची तयारी घ्यायला सांगितली, तर सध्या नम्रपणे नाही म्हण. त्यातला बुद्धिमत्तेचा भाग शिकवायला सराव लागतो आणि नवोदयची सहावीची प्रवेश परीक्षा मुलाला एकदाच देता येते.

सुरक्षिततेचं शेवटी लिहितेय, पण माझ्यासाठी ते सर्वांत वर आहे. शिकवणी तुझ्या घरी, बाहेरच्या खोलीत, दार उघडं. दुसऱ्याच्या घरी जायचंच झालं तर ते घर आईने आधी पाहिलेलं असावं आणि तू तिथे असताना त्या मुलाची आई किंवा आजी घरात असावी. घरात फक्त वडील किंवा काका असतील, तर तब्येत बरी नाही म्हणून परत ये आणि घरी खरं कारण सांग. मुलाला मारायचं नाही, कान धरायचा नाही, आईने ‘दोन द्या याला’ म्हटलं तरीसुद्धा. नोव्हेंबर-डिसेंबरात नाशिकला सहाच्या सुमारासच अंधार पडू लागतो, तेव्हा सातला मुलं कोणाबरोबर घरी जातात हेही तूच बघायचंस.

तर या शनिवारी शाळेत बाईंकडे, रविवारी नवा मेसेज, आणि त्याआधी आज रात्री आईबरोबर बसून वेळ आणि फीचा आकडा पक्का कर. दोन आठवड्यांत एकही मूल आलं नाही, तर तुझ्याच कॉलनीतल्या कामाला जाणाऱ्या एखाद्या आईच्या मुलाला फक्त एक आठवडा, आधीच ‘एक आठवडा’ असं बोलून, फी न घेता बसव. आठवा दिवस मात्र फुकट नको. आणि पहिल्या मुलाची वही हातात आली आणि चूक कुठून येते ते कळेना, तर त्या पानाचा फोटो काढून, मुलाचं नाव झाकून, मला विचार. मी उत्तर देईन.